किती उशा घेऊन झोपता?

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, कांट संपला का?" कांट संपलेला नाही, तो संपत नसतो. पण माणसाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमकं काय होतं, हा माझा जुना प्रश्न आहे, आणि गेली दोन वर्षं तो मला एका अनपेक्षित ठिकाणी भेटतो आहे. ते ठिकाण म्हणजे दम लागलेल्या माणसाची खाट. त्याला कसं निजवावं, किती बसतं करावं, उशी कुठे द्यावी, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास आज सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पीएचडीचा डॉक्टर आहे, त्याचा उपयोग दवाखान्यात होत नाही.

सुरुवात एका दुकानातून करतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनी हॉस्पिटलमधून घरी यायच्या होत्या. वय ८४, हृदय थकलेलं, आडवं पडलं की श्वास लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं की घरी कॉट भाड्याने आणून ठेवा. दुकानात गेलो, तर दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "फुल फाउलर देऊ की सेमी?" मला वाटलं ही काही तरी सूटबुटाची भानगड आहे. मग त्याने समजावलं. सेमीला पायथ्याशी एकच हँडल असतं, ते फिरवलं की पाठीचा भाग वर येतो. फुलला दोन हँडलं, दुसऱ्याने गुडघ्याखालचा भाग उचलतो. मी विचारलं, "फाउलर म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "कंपनी असेल काका. मोठी असणार, सगळीकडे तेच नाव आहे."

फाउलर ही कंपनी नव्हे. जॉर्ज रायर्सन फाउलर हा न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधला शल्यविशारद. जन्म १८४८, मृत्यू १९०६. अ‍ॅपेंडिक्सच्या दुखण्यावर त्याने १८९४ मध्ये ग्रंथ लिहिला होता. तो काळ डोळ्यांसमोर आणा. प्रतिजैविकं नाहीत. अ‍ॅपेंडिक्स फुटलं, पोटात पू पसरला, की बहुतेक वेळा खेळ खलास. फाउलरचा तर्क असा होता की पोटाच्या वरच्या भागातून, श्वासपटलाच्या जवळून, विष रक्तात झपाट्याने शोषलं जातं. खाली ओटीपोटाकडे ते सावकाश शोषलं जातं. मग रोग्याचं डोकं आणि धड उंच करून ठेवलं तर पू आपोआप खाली उतरेल, तिथून नळीने बाहेर काढता येईल. १९०० साली त्याने ओळीने बऱ्या झालेल्या नऊ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आज जगभरच्या नर्सिंगच्या पुस्तकांत जिला 'फाउलर पोझिशन' म्हणतात, ती या लेखातून आलेली आहे.

आता यातली गंमत बघा. त्या लेखाचा विषय पू आहे, श्वास नाही. फाउलर छातीवरही शस्त्रक्रिया करत असे. फुप्फुसावर बसलेलं जाड कवच सोलून काढण्याचं काम ज्यांनी पहिल्यांदा केलं त्यांत तो आहे, १८९३ साली. म्हणजे फुप्फुस त्याला परकं नव्हतं. तरीही त्याचं नाव ज्या आसनाला चिकटलं ते त्याने पोटासाठी सुचवलं होतं. आज कुठल्याही वॉर्डात सिस्टर म्हणतात, "पेशंटला दम लागलाय, फाउलर द्या," तेव्हा पोटातल्या पुवाचा विचारही कुणाच्या मनात नसतो. मूळ कारण गळून पडलं, आसन राहिलं, आणि नावही राहिलं. विचारांच्या इतिहासात असं पुष्कळदा होतं.

आणि वहिनींसाठी मी जी कॉट आणली, ती तर फाउलरचीही नाही. रोग्याला बसतं ठेवलं की तो घसरतो. अर्ध्या तासात पायथ्याला पोचलेला असतो, हनुवटी छातीवर, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकलेला. मग दोघींनी काखेत हात घालून त्याला पुन्हा वर ओढायचं. घरी ज्यांनी आजारी माणूस सांभाळला आहे त्यांना हे सांगायला नको. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधल्या विलिस गॅच नावाच्या तरुण डॉक्टरने यावर तीन भागांची खाट काढली, पाठ वर आणि गुडघेही वर, म्हणजे ढुंगणाखाली आपोआप खोबण तयार होते. १९०९ साली त्याने तिचं वर्णन छापलं. अमेरिकेत तिला 'गॅच बेड' म्हणत. आपल्याकडे गॅचचं नाव पुसलं गेलं आणि दुकानदाराच्या तोंडी फाउलर राहिला. असो. दोन हँडलांपैकी दुसरं हँडल हा गॅचचा वाटा आहे, एवढं लक्षात ठेवा.

पण मग बसून श्वास सोपा होतो हे कुणी शोधलं? हा प्रश्न घेऊन मी मागे मागे गेलो, तसतसं शोधणारा माणूस सापडेना. जिथे जावं तिथे ते आधीच ठाऊक असलेलं.

ग्रीक वैद्यांकडे त्यासाठी शब्दच आहे, ऑर्थोप्निआ. 'ऑर्थो' म्हणजे ताठ, सरळ. ताठ बसल्याशिवाय घेता न येणारा श्वास. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये वैद्यकावर लिहिताना श्वासाच्या त्रासाच्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि शेवटच्या, सर्वांत कठीण पायरीला त्याने हाच ग्रीक शब्द ठेवला: मान ताठ केल्याशिवाय ज्याला हवा मिळत नाही तो. आजही कार्डिऑलॉजिस्टच्या केसपेपरवर हाच शब्द असतो. दोन हजार वर्षांत रोगांची बहुतेक सगळी नावं आणि सगळ्या कारणमीमांसा बदलल्या, हा शब्द मात्र टिकला. का टिकला? कारण तो कारण सांगतच नाही. रोगी काय करतो तेवढंच सांगतो.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सतराव्या अध्यायात हिक्का आणि श्वास यांचा विचार आहे. श्वासाचे पाच प्रकार, त्यातला 'तमक' हा आपल्या दम्याच्या सर्वांत जवळचा. तिथे म्हटलं आहे की निजलेल्या रोग्याच्या कुशी वायू आवळून धरतो, बसल्यावर त्याला सुख वाटतं, त्याला ऊब हवीशी वाटते, आणि ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा यांनी त्रास वाढतो. ज्याच्या घरात दमेकरी माणूस होता त्याने हे वाचून पाहावं. लिहिणारा रोग्याजवळ रात्रभर बसलेला आहे हे कळतं. कफाने वाट अडवलेला वायू उलटा फिरतो ही त्याची उपपत्ती तुम्ही माना अगर न माना, निरीक्षण अचूक आहे.

माझी आत्या दमेकरी होती. वाईला, नदीकडच्या जुन्या घरात. पावसाळ्यात तिला उबळ यायची तेव्हा ती अंथरुणावर पडत नसे. भिंतीशी नाही, उलट मोकळ्यात बसायची. पुढे चौरंग, चौरंगावर लोड, लोडावर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ. ओणवी बसून पहाट काढायची. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढे मी हॉस्पिटलमध्ये पाहिलं, खाटेवर आडवं सरकणारं एक टेबल असतं, त्यावर उशी ठेवतात आणि रोग्याला पुढे झुकून बसवतात. त्याला 'कार्डियाक टेबल' म्हणतात. मला आत्याचा चौरंग आठवला. तसं पाहिलं तर आपल्या भाषेत या सगळ्या अवस्थांना स्वतंत्र शब्द आहेत, उताणा, पालथा, कुशीवर, ओणवा, उकिडवा. शब्द आहेत याचा अर्थ कुणीतरी निरखून पाहिलेलं आहे.

आणि उकिडवं बसण्याची गोष्ट तर विलक्षणच. जन्मतः हृदयात दोष असलेली काही मुलं असतात, ओठ-नखं निळी पडणारी. त्यातल्या एका प्रकाराला फ्रेंच डॉक्टर फॅलो याचं नाव आहे. ही मुलं खेळता खेळता धाप लागली की मध्येच थांबतात आणि उकिडवी बसतात. थोड्या वेळाने उठून पुन्हा खेळायला लागतात. चार वर्षांचं पोर! त्याला कोण सांगणार? हेलन टॉसिग या जॉन्स हॉपकिन्सच्याच बालहृदयरोगतज्ज्ञ. 'ब्लू बेबी'वरची पहिली शस्त्रक्रिया १९४४ मध्ये झाली, तिच्यामागची कल्पना त्यांची. त्यांनी या उकिडवं बसण्याकडे रोगाची खूण म्हणून लक्ष दिलं. आज कारण सांगता येतं: पाय दुमडल्याने पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो, त्यामुळे हृदयातून फुप्फुसांकडे जास्त रक्त ढकललं जातं. पण पोराला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

आता कारणांचा विषय निघालाच आहे तर दोन मिनिटं तिथे थांबू. उताणं निजलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर रेटतात, त्याला खाली उतरायला जागा कमी पडते. बसलं की पोट खाली जातं, छाती मोकळी होते. दुसरं म्हणजे, आडवं पडलं की पायातलं रक्त छातीकडे परत येतं. निरोगी हृदय ते सहज पुढे ढकलतं. थकलेल्या हृदयाला ते झेपत नाही, फुप्फुसात पाणी साचू लागतं. म्हणून हृदयाचा रोगी झोपल्यावर तासा-दोन तासांनी घाबरा होऊन उठतो आणि पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसतो. आणि माझी आत्या पुढे का झुकत होती? हात टेकले की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू हात सांभाळण्याच्या कामातून सुटतात आणि बरगड्या वर ओढायला मोकळे होतात. ज्यांची फुप्फुसं फुगून श्वासपटल सपाट झालेलं असतं, त्यांना पुढे झुकल्यावर पोटाच्या दाबाने त्या पटलाचा घुमट थोडा परत मिळतो. हे सगळं गेल्या शतकात मोजमाप करून समजलं. चौरंग त्याआधीचा.

मधला एक दुवा राहिला, शुश्रूषा करणाऱ्याचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक १८५९ सालचं. आपल्या मनात दिवा हातात घेतलेली बाई असते. पण पुस्तक वाचलं तर दिसते ती कमालीची कडक, तपशिलात शिरणारी बाई. अंथरूण-पांघरुणाच्या प्रकरणात त्या उशांवर घसरल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं: लोक उशा विटांसारख्या एकावर एक रचतात. त्याने डोकं पुढे ढकललं जातं, खांदे आत येतात, छाती दाबली जाते. आधार द्यायचा तो पाठीला, श्वासाच्या यंत्रणेच्या खालून; खांद्यांना मागे पडायला जागा ठेवायची; आणि डोकं पुढे न लोटता ते पेलायचं. त्या पुढे असंही नोंदवतात की उंच रोग्याला बुटक्यापेक्षा जास्त त्रास होतो, कारण लांब पायांची ओढ कमरेवर येते. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. उंच आणि बुटका रोगी! हे ज्ञान प्रयोगशाळेत मिळत नाही. शेकडो रोगी हाताने उचलले की मिळतं. आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाचे हाल या एका हलगर्जीपणाने किती वाढतात, हेही त्यांनी तिथेच सांगून ठेवलं आहे.

म्हणजे क्रम असा दिसतो. आधी रोग्याच्या शरीराला कळतं. मग जवळ बसलेल्या माणसाला. उपपत्ती सगळ्यांत शेवटी येते, आणि कधी कधी येते तीच मुळी चुकीची पाटी लावून, फाउलरसारखी. मी तत्त्वज्ञान शिकवताना गिल्बर्ट राइलने केलेला भेद शिकवत असे, एखादी गोष्ट करता येणं वेगळं आणि तिच्याबद्दल सांगता येणं वेगळं. सायकलचं उदाहरण देत असे. आता वाटतं, सायकल कशाला, श्वासाचंच द्यायला हवं होतं.

पण मला हे उदाहरण द्यायचा अधिकार आहे का, असाही प्रश्न आहे. १९७९ चा डिसेंबर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हृदयविकाराच्या झटक्याने एका हॉस्पिटलमध्ये होते. नाव सांगत नाही, त्यात काही अर्थ नाही, त्या काळात बऱ्याच ठिकाणी तेच चालायचं. पूर्ण विश्रांती म्हणजे सपाट झोपणं, हालचाल नाही, उशीसुद्धा काढून घेतलेली. रात्री बाराच्या सुमाराला अण्णा उठू लागले. "मला बसव," म्हणाले. मी त्यांचे खांदे धरून परत निजवलं. "अण्णा, पडून राहा, डॉक्टरांनी सांगितलंय." ते पुन्हा उठले. मी पुन्हा निजवलं. असं किती वेळ चाललं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माझी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट नुकतीच झालेली होती, माणूस कळणं म्हणजे काय यावर मी व्याख्यानं देत होतो, आणि समोरचा माणूस मला जे सांगत होता ते मी हाताने दाबून टाकत होतो.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. केरळच्या होत्या, मराठी मोडकं. त्यांनी एकदा अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं, कोपऱ्यातलं लोखंडी बॅकरेस्ट ओढलं, त्यांना बसवलं, पाय खाली सोडले, पुढे टेबल घेऊन त्यावर उशी दिली, ऑक्सिजन लावला आणि आयाला डॉक्टरांकडे पिटाळलं. मी म्हटलं, "पण सपाट ठेवायला सांगितलंय." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पेशंट उठून बसायला बघतो ना, त्याला बसवायचं. मग डॉक्टरला बोलवायचं." डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, पहाटेपर्यंत छातीतली घरघर कमी झाली. अण्णा त्यानंतर चार वर्षं जगले. त्या रात्रीबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही.

बऱ्याच वर्षांनी मला कळलं की हा वाद तेव्हाही नवा नव्हता. अंथरुणावर पडून राहणं हाच उपचार, हा विचार एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्यानं १८६३ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि पुढे खूप वाचली गेली. हिल्टन दुखावलेल्या सांध्याला विश्रांती द्या म्हणत होते, ते बरोबरच होतं. पण विश्रांती म्हणजे आडवं पडणं, आणि जितकं आडवं तितकं बरं, हे समीकरण सगळ्या रोगांना चिकटलं. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या इंग्लिश डॉक्टरने अंथरुणाला खिळून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण झोंबणारा लेख लिहिला. आणि बोस्टनमध्ये सॅम्युएल लेव्हाइन यांनी त्याहून धाडसाची गोष्ट केली. हृदयविकाराचा ताजा झटका आलेल्या रोग्यांना त्यांनी उचलून सरळ आरामखुर्चीत बसवलं. तर्क साधा होता, आडवं पडल्याने छातीत रक्त जास्त येतं, बसल्याने कमी. बर्नार्ड लाउन हे त्यांचे तरुण सहकारी. हाताखालच्या डॉक्टरांचा विरोध किती कडवा होता ते लाउन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. रोगी मरतील अशी सगळ्यांना धास्ती. १९५२ साली ८१ रोग्यांची हकीकत छापली गेली. ती धास्ती खरी ठरली नाही, उलट रोग्यांची भीती कमी झाली, फुप्फुसात गुठळ्या जाण्याचं प्रमाण घटलं.

१९५२. आणि मी १९७९ साली अण्णांचे खांदे धरून बसलो होतो. कागदावरचं ज्ञान खाटेपर्यंत यायला सत्तावीस वर्षं पुरली नव्हती. सिस्टरांनी लेव्हाइन वाचला असेल असं मला वाटत नाही.

इथेच थांबलो असतो तर व्याख्यान फार छान झालं असतं. शरीराला सगळं कळतं, रोग्याचं ऐका, टाळ्या. पण इतिहास तसा नाही, आणि मला पुढचा भाग लपवायचा नाही.

१९७० च्या दशकात काही डॉक्टरांच्या लक्षात आलं की व्हेंटिलेटरवर असलेल्या, फुप्फुसं निकामी होत चाललेल्या रोग्याला पालथं केलं तर रक्तातला ऑक्सिजन वाढतो. १९७६ मध्ये पीहल आणि ब्राउन यांनी अशा पाच रोग्यांची नोंद केली. आता पालथं होणं ही दम लागलेल्या माणसाची स्वाभाविक हालचाल नाही. त्याला उलट गुदमरल्यासारखं वाटतं. शरीर म्हणतं, बसव. इथे शरीराचं ऐकलं असतं तर हा शोध लागला नसता. इटलीत लुचियानो गात्तिनोनी यांनी सीटी स्कॅन काढून पाहिलं. तोवर समजूत होती की अशा आजारात सगळं फुप्फुस सारखंच कडक होतं. प्रत्यक्षात उताण्या रोग्याच्या पाठीकडचा भाग दबून बंद पडलेला होता आणि पुढचा थोडासाच भाग, लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा, उघडा होता. फुप्फुसाचा मोठा हिस्सा पाठीकडेच असतो. उताणं निजल्यावर त्यावर हृदयाचं आणि पोटाचं ओझं येतं. पालथं केलं की तो उघडतो, आणि रक्त तर तिकडे मुबलक जातच असतं.

तरी वाट सरळ नव्हती. २००१ मध्ये गात्तिनोनींच्याच गटाने ३०४ रोग्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष दिले. रोज सुमारे सात तास पालथं ठेवून ऑक्सिजन वाढला, पण जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण आपल्या आवडत्या कल्पनेविरुद्ध जाणारा आकडा त्यांनी जसाच्या तसा छापला. मग फ्रान्समध्ये क्लोद गेराँ यांच्या गटाने जास्त गंभीर रोगी निवडले, लवकर पालथे केले आणि एका खेपेला किमान सोळा तास ठेवले. ४६६ रोगी. २०१३ मध्ये निकाल आला. अठ्ठावीस दिवसांत उताण्यांपैकी जवळजवळ ३३ टक्के दगावले, पालथ्यांपैकी १६ टक्के. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही. चार-पाच माणसांनी मिळून, नळ्या सांभाळत, एका माणसाला अलगद उलटं करायचं. ते काम कोण करतं हे वेगळं सांगायला नको.

आणि मग २०२१ चा एप्रिल. महाराष्ट्रात तेव्हा काय चाललं होतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. खाटा नाहीत, ऑक्सिजन नाही. त्या महिन्यात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने चित्रांसह सूचना काढल्या, ऑक्सिजनची पातळी ९४ च्या खाली गेली तर पालथं निजा. चार-पाच उशा लागतात. एक मानेखाली, एक किंवा दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवल्यावर तासभर नाही. गरोदर बाई, हृदयाचा मोठा विकार, कण्याचं किंवा मांडीचं हाड मोडलेलं, यांनी करायचं नाही. घरोघरच्या उशा बाहेर निघाल्या. मलाही कोविड झाला होता. बोटाला लावलेलं यंत्र ९१ दाखवत होतं. माझ्या अंगाचा कण न् कण बसायला सांगत होता, आत्यासारखं. मी पालथा झालो. मान अवघडली, खांदे दुखले, सुख म्हणून काही नव्हतं. अर्ध्या तासाने आकडा ९४ झाला. एकट्या माणसाचा अनुभव हा पुरावा नव्हे हे मी विद्यार्थ्यांना चाळीस वर्षं सांगत आलो, तेव्हा तुम्हीही तो तेवढाच धरा. पुढे सहा देशांतल्या ११२६ जागत्या रोग्यांवर एकत्रित चाचणी झाली; पालथं राहिल्याने नळी घालण्याची वेळ येणं काही प्रमाणात कमी झालं, मृत्यू मात्र ठळकपणे कमी झाले असं दिसलं नाही.

तेव्हा अण्णांच्या खाटेजवळ माझं चुकलं ते नेमकं काय, याचं माझं उत्तर बदललं. आधी मला वाटायचं, मी शरीरापेक्षा शास्त्राला मानलं हे चुकलं. पण २०२१ मध्ये मी तेच केलं आणि ते बरोबर ठरलं. फरक हा की तेव्हा मी आकड्याकडे बघत होतो, दर पाच मिनिटांनी. आकडा खाली गेला असता तर उठून बसलो असतो. १९७९ मध्ये मी कशाकडेच बघत नव्हतो. सिस्टर बघत होत्या.

बरं, वेळ संपत आली. खाली कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: घरी किती उशा लावाव्यात? चांगला प्रश्न आहे, कारण डॉक्टरही हेच विचारतात, "किती उशा घेऊन झोपता?" त्यांना उशांची काळजी नसते. एका उशीवर झोपणाऱ्या माणसाला दोन लागू लागल्या, मग तीन, मग खुर्चीत झोप, तर हृदय मागे पडत चाललं आहे असं ते ओळखतात. तेव्हा उशा वाढवून गप्प बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. एकाएकी वाढल्या तर त्याच रात्री. आणि लावायच्या कशा, तर नाइटिंगेलबाईंनी सांगितल्याप्रमाणे. डोक्याखाली थर रचायचे नाहीत. पहिली उशी कमरेच्या वरच्या खळग्यात आडवी, मग पाठीला उतार, वर डोक्याला एक पातळ. गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर, घसरू नये म्हणून. खुर्चीत असेल तर पुढे टेबल आणि त्यावर लोड. वहिनींना आम्ही भाड्याची कॉट आणली खरी, पण त्या बहुतेक रात्री खिडकीशी खुर्चीतच असत, कपाळ लोडावर. दोन्ही हँडलं नातवंडांच्या खेळायच्या कामी आली.

आणखी प्रश्न असतील तर घेतो. माइक मागे द्या.